प्रदेश नेमका कुठे लिहिलेला असतो? आयात टीव्हीच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

दादाचा टीव्ही काल खोक्यातून बाहेर निघाला. ५५ इंची, ४के, उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला. सोबत त्याने तिकडूनच आणलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आहे, त्यावर टीव्ही सुरू होतो. चित्र उत्तम. तक्रारी तीन: अँटेना लावून एकही चॅनेल सापडत नाही, घरातलं वायफाय यादीत दिसत नाही, आणि हवी ती अ‍ॅप्स मिळत नाहीत.

दादाच्या मते हा एकच आजार आहे. "रीजन बदल, इकडचं फर्मवेअर टाक, झालं." मला तसं वाटत नाही. "प्रदेश" हा शब्द टीव्हीत एकाच जागी लिहिलेला असेल तर या तिन्ही गोष्टी एकदम सुटायला हव्यात, आणि तसं झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणून ही वही. प्रत्येक तक्रारीसाठी टीव्हीतली नेमकी जागा शोधायची, आणि ती सापडेपर्यंत फर्मवेअरचा, म्हणजे टीव्ही चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, पेनड्राइव्ह लावायचा नाही.

१२ जानेवारी

मागची पट्टी वाचली. "एसी १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ". तिथे १००–२४० असतं तर ट्रान्सफॉर्मरची गरजच नव्हती.

तरीही आत काय आहे ते पाहायचं होतं. प्लग काढला, अर्धा तास थांबलो, झाकण उघडलं, मोठ्या कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून तो रिकामा झाल्याची खात्री केली आणि मगच हात घातला. पॉवर बोर्डावर फ्यूजच्या शेजारी निळी चकती आहे, व्हॅरिस्टर: व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की वाहायला लागणारा रक्षक भाग. तिच्यावर २४१ हा आकडा. म्हणजे २४ वर एक शून्य, २४० व्होल्टचा व्हॅरिस्टर. एसी पुरवठ्यात तो साधारण १५० व्होल्टपर्यंतच्या कामाचा. २३० व्होल्टच्या पुरवठ्याचं शिखर ३२५ व्होल्टला पोचतं. तिथे ही चकती त्या क्षणी वाहायला लागणार आणि फ्यूज उडणार. २३० व्होल्टच्या भागात विकल्या जाणाऱ्या उपकरणांत या जागी सहसा ४७१ सापडतो.

बाकीचा बोर्ड पाहता मोह होतो की फ्यूज आणि चकती बदलली की काम भागेल. मी बदलणार नाही. पुढचे सगळे भाग किती व्होल्टचे आहेत हे सर्किटच्या नकाशाशिवाय ठरवता येत नाही, आणि टीव्ही घरात बारा तास चालणार आहे. ट्रान्सफॉर्मर राहू दे.

दादाने विचारलं की ट्रान्सफॉर्मर ५० चे ६० हर्ट्झ करतो का. नाही करत, फक्त व्होल्टेज उतरवतो. पण टीव्हीचा पुरवठा आधी एसीचं डीसी करतो, त्यामुळे ५० की ६० याने त्याला फरक पडत नाही. ट्रान्सफॉर्मरची क्षमता मात्र टीव्हीच्या कमाल वापरापेक्षा बरीच जास्त हवी. दादाच्या ट्रान्सफॉर्मरची आहे.

१३ जानेवारी

मॉडेल क्रमांक नीट उतरवून घेतला, शेपटीसकट. लोक शेपटी सोडून देतात आणि खरी माहिती बरेचदा तिथेच असते. सॅमसंगच्या एलईडी टीव्हीत सुरुवातीची दोन अक्षरं प्रदेश सांगतात: यूएन म्हणजे उत्तर अमेरिका, यूई म्हणजे युरोप, यूए आशियाकडच्या बाजारांसाठी. एलजीत प्रदेश शेवटी येतो. सोनी तर नावच बदलते: अमेरिकेतला एक्स९००एच युरोपात एक्सएच९० आणि आशियात एक्स९०००एच. जवळजवळ तोच टीव्ही, पण फर्मवेअरची फाइल शोधताना या तीन नावांना एक समजायचं नाही.

१८ जानेवारी

आजचा दिवस मोलाचा होता. मित्राकडे त्याच कंपनीचा, त्याच वर्षाचा, त्याच मालिकेतला युरोपीय टीव्ही आहे. दोन्ही शेजारी ठेवून मागून पाहिले.

दादाच्या टीव्हीला अँटेनासाठी एकच आटे असलेलं भोक, एफ जातीचं. मित्राच्या टीव्हीला दोन: एक नुसतं ढकलून बसणारं, जमिनीवरच्या प्रसारणासाठी, दुसरं आट्यांचं, उपग्रहासाठी. शिवाय त्याच्या टीव्हीला कार्ड घालायची सीआय खाच आहे. दादाच्या मेन बोर्डावर त्या खाचेची जागा आखलेली दिसते, डागाचे ठिपके रांगेत आहेत आणि त्यावर काहीही बसवलेलं नाही. बोर्ड एकदाच आखला, पण प्रत्येक प्रदेशासाठी त्यावर वेगळे भाग चढवले. त्या रिकाम्या ठिपक्यांकडे मी बराच वेळ बघत होतो. पहिल्या तक्रारीचं उत्तर तिथे होतं.

डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या पद्धती देशागणिक वेगळ्या आहेत. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरिया एटीएससी वापरतात. युरोप, ऑस्ट्रेलिया आणि आशिया-आफ्रिकेतला मोठा भाग डीव्हीबी. जपान आयएसडीबी-टी, आणि ब्राझीलने त्यात फेरबदल करून घेतलेली आवृत्ती दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक देशांत. चीन डीटीएमबी. यांना नुसत्या वेगवेगळ्या भाषा समजणं चुकीचं ठरेल, कारण इथे ऐकणारा कानच वेगळा लागतो. एटीएससीचं मूळ तंत्र ८-व्हीएसबी: एकच वाहक लहर, तिच्यावर आठ पातळ्या, सेकंदाला १ कोटी ७ लाखांहून अधिक चिन्हं. डीव्हीबी-टीच्या, म्हणजे जमिनीवरच्या डीव्हीबी प्रसारणाच्या, ८के प्रकारात (पडद्याच्या ४के-८के शी याचा संबंध नाही) तोच मजकूर ६,८१७ बारीक वाहकांवर वाटून एकाच वेळी पाठवतात. पहिला संकेत उलगडणारा डीमॉड्युलेटर दुसरा उलगडू शकत नाही, दुसऱ्यासाठी मुद्दाम बनवलेलं सर्किट चिपमध्ये असावं लागतं.

चॅनेलांची आखणीसुद्धा जुळत नाही. एटीएससीत एका चॅनेलची रुंदी ६ मेगाहर्ट्झ. डीव्हीबीत यूएचएफवर बहुतेक ठिकाणी ८. अमेरिकेचं यूएचएफ चॅनेल १४ हे ४७३ मेगाहर्ट्झवर केंद्रित आहे, युरोपीय आखणीतलं २१ हे ४७४ वर. दादाचा टीव्ही शोध घेतो तेव्हा आपल्या तक्त्यातल्या ठिकाणांवर थांबतो, एटीएससीची ओळखखूण सापडत नाही, पुढे सरकतो. शोध पूर्ण झाला, चॅनेल शून्य. त्याच्या परीने त्याने चोख काम केलेलं असतं.

१९ जानेवारी

दादाला सांगितलं: चॅनेलसाठी बाहेरचा सेट टॉप बॉक्स, एचडीएमआयने. तो थोडा हिरमुसला. "एवढा स्मार्ट टीव्ही, आणि डबा लावायचा?" वहिनी मात्र म्हणाल्या की डबा लावून दिसत असेल तर आजच लावा.

२५ जानेवारी

वायफाय. हा प्रश्न वीस मिनिटांत सुटला आणि मनाला फार बरं वाटलं.

राउटरने स्वतःहून १३ वं चॅनेल निवडलं होतं. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं सहसा १ ते ११ एवढीच चॅनेलं वापरतात. युरोपात आणि इतर अनेक ठिकाणी १ ते १३ चालतात. ११ व्याचं केंद्र २४६२ मेगाहर्ट्झ, १३ व्याचं २४७२. दादाचा टीव्ही तिकडे कान लावतच नाही, म्हणून नाव यादीत नव्हतं. राउटर ६ वर पक्का केला, टीव्ही लगेच जोडला गेला.

इथली गंमत अशी की रेडिओची चिप १३ वं चॅनेल ऐकू शकत असणार. तिला ऐकू नको असं फर्मवेअरमधला नियामक तक्ता सांगतो. म्हणजे तक्रार दोन ही खरोखर फर्मवेअरच्या थरातली होती. तरीही ती फर्मवेअरला हात न लावता, दुसऱ्या टोकाकडून सुटली.

१ फेब्रुवारी

दोन्ही टीव्हींच्या फर्मवेअर फाइली कंपनीच्या अधिकृत पानांवरून उतरवून घेतल्या, आपापल्या प्रदेशाच्या. संगणकावर शेजारी ठेवून पाहिल्या.

आवृत्तीचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही, ही पहिली नोंद. मित्राच्या टीव्हीचा आकडा मोठा आहे म्हणून त्याचं फर्मवेअर नवं, असं होत नाही. प्रत्येक प्रदेशाच्या फाइलीची स्वतंत्र गणती चालते. एकाच दुरुस्तीला इकडे एक आकडा मिळतो, तिकडे दुसरा, आणि ती तिकडे महिनाभर उशिरा येते.

फाइलीच्या नावातली काही अक्षरं चिपचा मंच सांगतात आणि काही प्रदेश. दोन्ही नावं बरीचशी सारखी असल्याने फसायला वाव आहे. आत पाहिलं तर सुरुवातीचे थोडे बाइट वाचता येतात, त्यात मंचाचं नाव आहे. पुढे सगळं एन्क्रिप्टेड. टीव्ही फाइल स्वीकारण्याआधी ते नाव आणि डिजिटल सही तपासतो. सही जुळली नाही तर फाइल नाकारली जाते. बहुतेक टीव्ही जुनी आवृत्तीही परत घेत नाहीत.

२ फेब्रुवारी

दादाचा फोन. "दोन्ही फाइली तुझ्याकडे आहेत ना? मग एकदा लावून बघ. नाकारली तर नाकारली."

"आणि दादा, घेतली तर?"

हा प्रश्न मी त्याला समजावून सांगितला, तो इथेही लिहून ठेवतो. नाकारली तर काहीच बिघडत नाही. धोका स्वीकारली जाण्यात आहे. युरोपीय फर्मवेअर सुरू होताना डीव्हीबीचा डीमॉड्युलेटर शोधेल, उपग्रहाचा भाग शोधेल, सीआय खाच शोधेल. यातलं काहीही या बोर्डावर नाही. काही टीव्ही तेवढ्यावर सुरू होतात, काही बोधचिन्हापर्यंत येऊन पुन्हा बंद होतात, आणि तेच चक्र चालू राहतं. पॅनेलची, म्हणजे पडद्याची, माहिती वेगळी निघाली तर चित्र उलटं किंवा रंग विसकटलेले. अशा वेळी मेन्यूच दिसत नाही म्हणून मागे जाण्याचा रस्ता मेन्यूतून नसतो. मेन बोर्डावरची, फर्मवेअर साठवणारी ईएमएमसी चिप प्रोग्रॅमरवर वाचून-लिहून घ्यावी लागते किंवा बोर्ड बदलावा लागतो. एवढा धोका पत्करून हातात काय पडतं? ज्या चॅनेलांसाठी हे करायचं ती तरीही दिसणार नाहीत, कारण तो भागच टीव्हीत नाही.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ठीक. पेनड्राइव्ह नको."

८ फेब्रुवारी

फर्मवेअरच्या फाइलीपेक्षा खोलवर आणखी एक थर आहे, आणि लोक ज्याला "रीजन बदलला" म्हणतात तो बहुतेक वेळा हाच. सर्व्हिस मेन्यूत, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या लपलेल्या मेन्यूत, प्रदेशाचा एक पर्याय किंवा क्रमांक असतो. एलजीत त्याला एरिया ऑप्शन म्हणतात, सॅमसंगच्या अनेक टीव्हींत लोकल सेट. फर्मवेअरच्या एकाच फाइलीत बऱ्याच देशांचे नियम असतात आणि हा पर्याय त्यातले कोणते लागू करायचे ते सांगतो: मेन्यूच्या भाषा, देशांची यादी, कोणते ट्यूनर दाखवायचे.

मित्राच्या टीव्हीत याचा साधा अवतार नेहमीच्या मेन्यूतच आहे. चॅनेल शोधताना देश विचारतो, आणि देश बदलला की पर्याय बदलतात. जुन्या युरोपीय टीव्हींत देश म्हणून फिनलंड किंवा स्वीडन निवडलं की केबलच्या डीव्हीबी-सीचा पर्याय उघडत असे, दुसरा देश निवडला की लपत असे. ट्यूनर तोच, फक्त दार बंद. मित्राच्या यादीत आमचा देश नव्हता. आम्ही डीव्हीबी-टी२ (डीव्हीबी-टीची नवी आवृत्ती) चालू करणारा दुसरा एक देश निवडला, आपोआप शोधाऐवजी हाताने शोध घेतला, वारंवारता आणि ८ मेगाहर्ट्झ रुंदी स्वतः भरली. चॅनेल आली. चॅनेलांचे क्रमांक विस्कळीत आहेत, ते त्याने हाताने लावून घेतले.

त्यामुळे माझा नियम आता असा: डीव्हीबीच्या एका प्रदेशातून डीव्हीबीच्याच दुसऱ्या प्रदेशात आलेला टीव्ही नुसत्या सेटिंगने मार्गी लागण्याची चांगली शक्यता आहे. प्रसारणपद्धतीचं कुळ ओलांडून आलेला टीव्ही सेटिंगने ऐकत नाही. दादाच्या टीव्हीत तो क्रमांक बदलला तर डीव्हीबीचा मेन्यू कदाचित दिसेलही, पण त्यामागे यंत्र नाही.

आणि त्याच पानावर पॅनेलचा पर्याय दोन ओळी खाली आहे. रिमोटचं एक बटण चुकीचं पडलं तर पडदा काळा. मी सगळ्या पानांचे फोटो काढले, काहीही न बदलता बाहेर आलो.

मित्राने विचारलं की दादासाठी युरोपीय मेन बोर्डच का घेऊ नये. कल्पना वेडगळ नाही. कुळ खरोखर बदलायचं असेल तर रस्ता हाच, कारण त्या बोर्डासोबत ट्यूनर, त्याचं फर्मवेअर आणि त्याचा क्रमांक तिन्ही येतात. म्हणून पॅनेलच्या मागचे स्टिकर ताडून पाहिले. मॉडेल तेच असूनही पॅनेलचे कोड वेगळे निघाले. बोर्डाचा विचार तिथेच सोडला.

१५ फेब्रुवारी

तक्रार तीन, अ‍ॅप्स. हा सगळ्यात वरचा थर: सेवांचा देश. तो मालकाच्या मेन्यूतच असतो, काही टीव्हींत पहिल्या मांडणीच्या वेळी विचारतात. बदलण्यासाठी अटी पुन्हा मान्य कराव्या लागल्या आणि आधी घेतलेली अ‍ॅप्स पुसली गेली. लॉगिन आधी लिहून ठेवली होती, म्हणून त्रास झाला नाही.

आता अ‍ॅप्सची यादी इकडची आहे. फर्मवेअर मात्र तिकडचंच, आणि ते जागोजागी जाणवतं. मेन्यूच्या भाषा तीनच: इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच. टेलिटेक्स्टऐवजी क्लोज्ड कॅप्शनचा मेन्यू. पालकांच्या नियंत्रणात अमेरिकी व्ही-चिपच्या श्रेणी. पेनड्राइव्हवरच्या चित्रपटाला देवनागरी उपशीर्षकं लावली तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन, कारण या फर्मवेअरमध्ये तो फाँट भरलेला नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं. आपली लिपी सामावून घेणारा फाँट केवढा लहान असतो. बाहेरचा प्लेअर उपशीर्षकं स्वतः रेखाटून चित्रासोबत पाठवतो, त्यावर सगळं नीट दिसलं.

१६ फेब्रुवारी

सेट टॉप बॉक्स ५० हर्ट्झने चित्र देतो. जुने अमेरिकी टीव्ही एचडीएमआयवर ५० हर्ट्झ घेत नसत, म्हणून बॉक्स बसवण्याआधीच तपासायला हवं होतं. उशिरा सुचलं.

टीव्ही संगणकाला जोडला आणि त्याचा ईडीआयडी वाचला. ईडीआयडी म्हणजे टीव्हीने समोरच्या यंत्राला दिलेलं स्वतःचं ओळखपत्र, १२८-१२८ बाइटांच्या तुकड्यांत. टीव्ही घेऊ शकतो त्या चित्रस्वरूपांचे ठरलेले क्रमांक त्यात असतात. १६ म्हणजे १०८०पी ६० हर्ट्झला, ३१ म्हणजे तेच ५० ला. ९७ म्हणजे ४के ६० ला, ९६ म्हणजे ४के ५० ला. दादाच्या टीव्हीत चारही सापडले.

बॉक्स ५० वर ठेवला. आधी तो ६० वर होता आणि वहिनींना बातम्यांखालची सरकती पट्टी अडखळताना दिसत होती. त्यांचं बरोबर होतं: ५० चित्रांची ६० करायची तर दर सेकंदाला १० चित्रं दुबार दाखवावी लागतात. आता पट्टी सरळ सरकते.

२२ फेब्रुवारी

मित्राची तक्रार: त्याच्या टीव्हीचं चित्र दादाच्या टीव्हीपेक्षा कमी उजळ. इथे प्रदेशाचं आणखी एक रूप भेटलं, कायद्याचं. युरोपीय संघाचा २०१९/२०२१ हा नियम टीव्हीच्या वीजवापरावर मर्यादा घालतो आणि मोजणी कारखान्यातून येणाऱ्या मूळ चित्रप्रकारात (पिक्चर मोडमध्ये) होते. १ मार्च २०२३ पासून मर्यादा आणखी कडक झाल्या. त्यामुळे युरोपीय टीव्हीचा मूळ चित्रप्रकार काटकसरी असतो. चित्रप्रकार आणि वीजबचतीचे पर्याय दोन्हीकडे सारखे केल्यावर मला उजेडात फरक दिसला नाही.

त्याच नियमात मला आवडलेल्या दोन गोष्टी आहेत. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान ८ वर्षं फर्मवेअरची शेवटची आवृत्ती उपलब्ध ठेवायची, आणि अपडेटने वीजवापर वाढणार असेल तर मालकाची स्पष्ट संमती घ्यायची. टीव्ही टाकून न देता वापरत राहणाऱ्या प्रत्येकाला याचं मोल कळेल.

१ मार्च

दादाच्या टीव्हीला अपडेट आलं, आपणहून. उत्तर अमेरिकेचंच. सेवांचा देश बदललेला असूनही कंपनीचा सर्व्हर मॉडेल पाहून फाइल देतो, असं यावरून दिसतं. टीव्ही आपल्या मूळ प्रदेशाच्या रांगेत अजून उभा आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. सर्व्हिस मेन्यूतला क्रमांक बदलला असता तर या रांगेचं काय झालं असतं, हे पाहण्याची वेळ आली नाही याचा आनंद आहे.

बॉक्स, वायफाय, अ‍ॅप्स तपासली. सगळं जागेवर.

९ मार्च

सकाळी वहिनींचा फोन. "भाऊजी, टीव्हीचं घड्याळ एक तास पुढे गेलंय. काल रात्री बरोबर होतं."

पाच मिनिटं काही सुचेना. मग तारीख पाहिली. मार्चचा दुसरा रविवार, अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे करण्याचा दिवस. टीव्हीच्या कालपट्ट्यांच्या यादीत फक्त तिकडचे पट्टे आहेत, म्हणून मी वेळ हाताने लावली होती आणि पट्टा जो होता तोच, पूर्व अमेरिकेचा, राहू दिला होता. रात्रीचे दोन वाजले आणि टीव्हीने आपल्या मूळ प्रदेशाचा नियम पाळला. उन्हाळी वेळ बंद करण्याचा पर्याय मेन्यूत नाही.

अ‍ॅरिझोनाच्या बहुतेक भागात घड्याळं बदलत नाहीत. यादीत तो पट्टा सापडला, निवडला, आणि वेळ पुन्हा हाताने लावली. वहिनींच्या कॅलेंडरवर २ नोव्हेंबरपुढे पेन्सिलने लिहून आलो: टीव्हीचं घड्याळ बघणे.